रेणूंचा सांगावा

सशाची मादी पिल्लांना दिवसातून एकदाच पाजते, तेही जेमतेम तीन-चार मिनिटं. उरलेला सगळा वेळ ती बिळापासून दूर असते. पिल्लांचे डोळे मिटलेले, अंगावर लव नाही, बिळात काळोख आणि भावंडांची रेटारेटी. त्या तीन-चार मिनिटांत ज्याला आचळ सापडलं नाही ते पिल्लू पुढच्या दिवसापर्यंत उपाशी. लागोपाठ दोन पाळ्या चुकल्या तर त्याचं वाचणं कठीण. तरीही बहुतेक पिल्लांना आचळ काही सेकंदांत सापडतं. २००३ साली बेनुआ शाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागचा रेणू सशिणीच्या दुधातून वेगळा काढला. २-मिथिलब्युट-२-इनाल हा पाच कर्बअणूंचा, चटकन उडून जाणारा साधा पदार्थ. काचेच्या कांडीला तो लावून पिल्लाच्या नाकाशी धरला, की पिल्लू डोकं भराभर हलवत शोधू लागतं आणि कांडीच तोंडात धरतं. एकदाही दूध न प्यायलेलं, नुकतं जन्मलेलं पिल्लूसुद्धा हेच करतं.

हे वाचताना रेणू हुकूम सोडतो आणि प्राणी तो पाळतो, असं चित्र मनात उभं राहतं. रासायनिक संकेतांबद्दल एरवीही याच थाटात बोललं जातं: ॲड्रेनॅलिन म्हणजे भीती, ऑक्सिटोसिन म्हणजे माया, टेस्टोस्टेरॉन म्हणजे भांडण. पण त्याच पिल्लाला काही दिवसांनी पुन्हा पाहा. पहिल्या दिवसांत पोट भरलेलं असो वा रिकामं, ते कांडीकडे झेपावत होतं. आता पोट भरलेलं असेल तर ते पूर्वीसारखं धावत नाही. दूध सुटायच्या वयाला तर हा वास त्याला जवळजवळ काहीच सांगेनासा होतो. रेणूत काडीचाही फरक पडलेला नाही. बदललं आहे ते पिल्लू. प्राण्यांच्या वागण्यावर रसायनं काय परिणाम करतात हे समजून घ्यायचं, तर निम्म्याहून जास्त लक्ष या घेणाऱ्या देहाकडे द्यावं लागतं. प्रत्यक्ष कामात, म्हणजे गोठ्यात, मधपेटीजवळ, शेतात, जे प्रयोग फसतात तेही बहुतेक वेळा इथेच फसतात.

देहाच्या आतले सांगावे आधी सापडले. १८४९ साली गटिंगेनमध्ये आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी कोंबड्याच्या पिल्लांचे वृषण काढले. काहींच्या पोटात एक वृषण परत ठेवला. तो मूळ जागी नव्हता आणि त्याच्या जुन्या नसाही तुटलेल्या होत्या. तरी ती पिल्लं मोठी होऊन आरवली, भांडली, कोंबड्यांच्या मागे लागली, त्यांचे तुरे वाढले. उरलेली मात्र खच्ची केलेल्या कोंबड्यासारखी मवाळ राहिली. नस नसतानाही संदेश पोचला, म्हणजे तो रक्तातून गेला असला पाहिजे. १९०२ साली बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्यातून स्वादुपिंडाला रक्तावाटे निरोप देणारं सिक्रेटिन दाखवलं आणि संप्रेरकांचं शास्त्र रुळावर आलं.

देहाबाहेरचा पहिला रेणू हाती यायला १९५९ उजाडावं लागलं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनान्ट यांनी रेशमाच्या पतंगाच्या सुमारे ५ लाख माद्यांमधून, जवळपास वीस वर्षांच्या कष्टानंतर, नराला मादीकडे खेचणारं बॉम्बिकॉल काही मिलिग्रॅम मिळवलं. त्याच वर्षी कार्लसन आणि ल्यूशर यांनी अशा पदार्थांना फेरोमोन हे नाव दिलं. बुटेनान्ट यांना नोबेल मिळालं होतं ते लैंगिक संप्रेरकांच्या कामासाठी, १९३९ साली. आतला रेणू आणि बाहेरचा रेणू एकाच माणसाच्या हाताखालून गेले, याचं मला फारसं नवल वाटत नाही, कारण दोन्हींमधली भिंत मुळातच पातळ आहे.

ही भिंत किती पातळ आहे ते गोल्डफिशमध्ये दिसतं. अंडी सुटण्याच्या काही तास आधी मादीच्या रक्तात एक स्टेरॉइड वाढतं. अंड्यांची शेवटची पक्वता पुरी करणं हे त्याचं घरचं काम. ते कल्ल्यांतून आणि मूत्रातून पाण्यात झिरपतं. एका लिटर पाण्यात ग्रॅमच्या अब्जांश भागाहूनही कमी असलं तरी नराच्या नाकाला ते कळतं, त्याच्या रक्तात एलएच हे प्रजननाला चालना देणारं संप्रेरक उसळतं आणि सकाळपर्यंत त्याच्याकडचं वीर्य वाढलेलं असतं. अंडी सुटली की मादीच्या पाण्यात प्रोस्टाग्लँडिन येतं आणि त्यासरशी नर पाठलाग सुरू करतो. पहिला निरोप शरीराची तयारी करून घेतो, दुसरा वागणूक घडवतो. मादीला बहुधा काही ‘सांगायचं’ नव्हतंच. तिचं आतलं रसायन गळत होतं आणि ऐकण्यात ज्या नरांचा फायदा झाला त्यांची नाकं तिखट होत गेली.

उंदरांमध्ये याच गोष्टीला स्मृतीची जोड मिळते. १९५९ मध्येच हिल्डा ब्रूस यांनी नोंदवलं, की नुकत्याच समागम झालेल्या उंदरीण मादीला पहिल्या काही दिवसांत परका नर, किंवा नुसता त्याच्या मूत्राचा वास मिळाला, तर गर्भ रुजतच नाही आणि ती पुन्हा माजावर येते. मग प्रश्न उभा राहतो: ज्या नराबरोबर समागम झाला त्याचा वासही तिच्या भोवती असतोच, त्याने गर्भ का जात नाही? समागमाच्या वेळी मादीच्या मेंदूत नॉरॲड्रेनॅलिन सुटतं आणि त्यानंतरच्या काही तासांत घ्राणपिंडाच्या, म्हणजे मेंदूतल्या वास टिपणाऱ्या भागाच्या, एका खास कोपऱ्यात त्या नराच्या वासाची खूण पक्की होते. खूण बसलेला वास पुढे हायपोथॅलॅमसपर्यंत, म्हणजे मेंदूतल्या संप्रेरकांवर ताबा ठेवणाऱ्या केंद्रापर्यंत, पोचू दिला जात नाही. दोन नरांच्या मूत्रातला फरक असतो तो व्यक्तीव्यक्तीतला. एक रोखला जातो आणि दुसरा गर्भ घालवतो, कारण मादीने मधल्या काळात काहीतरी शिकून ठेवलेलं असतं.

माणसाबद्दल थोडक्यात. उंदीर ज्या नासिकेंद्रियाने असे निरोप घेतो, ते आपल्यात नावापुरतं उरलं आहे आणि त्याला लागणारं एक महत्त्वाचं जनुक निकामी झालेलं आहे. वासाचा आपल्या मनावर परिणाम होतो, यात शंका नाही. पण सशाच्या रेणूसारखा, वेगळा काढून, शुद्ध रूपात परत देऊन तोच परिणाम घडवणारा एकही मानवी फेरोमोन आजवर सिद्ध झालेला नाही. १९७१ पासून गाजलेली मासिक पाळी जुळण्याची कल्पनाही नंतरच्या काटेकोर तपासण्यांत टिकली नाही. आकर्षणाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत.

मेंढ्यांच्या कळपात हे शास्त्र थेट उपयोगाला येतं. विणीच्या हंगामाबाहेर मेंढ्यांची बीजांडकोशं शांत असतात. अशा कळपात अनोळखी मेंढा सोडला की काही मिनिटांत मेंढ्यांच्या रक्तातली एलएचची स्पंदनं वाढतात आणि दोन-अडीच दिवसांत पुष्कळशा मेंढ्यांत बीज सुटतं. ऐकायला सोपं आहे. पण पहिलं बीज मुकं असतं, म्हणजे मेंढी माज दाखवत नाही आणि मेंढ्याला जवळ येऊ देत नाही. माज दाखवायला मेंदूला आधी प्रोजेस्टेरॉनची सवय लागते, आणि इतके दिवस ते अंगात नव्हतंच. त्यानंतर कळप दोन वाटांनी जातो. काही मेंढ्यांचं चक्र पूर्ण लांबीचं चालतं आणि त्या साधारण अठराव्या दिवसाच्या आसपास माजावर येतात. बाकीच्यांचं पहिलं चक्र पाच-सहा दिवसांतच कोसळतं, पुन्हा मुकं बीज सुटतं आणि त्यांचा माज चोविसाव्या दिवसाच्या आसपास पडतो. पहिल्या आठवड्यात कुठलीच मेंढी मेंढ्याकडे वळली नाही म्हणून ‘उपाय लागू पडला नाही’ असं ठरवणं ही इथली नेहमीची गफलत.

म्हणून नसबंदी केलेला मेंढा आधी सोडतात. नसबंदी किमान सहा आठवडे आधी झालेली असावी, नाहीतर नलिकेत उरलेले शुक्राणू गोंधळ घालतात. हा मेंढा १४ दिवस कळपात ठेवायचा, मग काढून फळवणारा मेंढा सोडायचा. त्यामुळे माजाच्या दोन्ही लाटा त्याच्या वाट्याला येतात आणि पुढे वीण थोड्या दिवसांत आटपते. त्याआधी किमान महिनाभर मेंढ्यांना नर दिसू नये, ऐकू येऊ नये, त्याचा वास येऊ नये, असा जुना नियम आहे. पुढच्या कामातून दिसलं, की खरा भर नवखेपणावर आहे. ओळखीचा मेंढा सतत बरोबर असेल तर परिणाम बोथटतो, पण वेगळाच मेंढा आणला तर तो पुन्हा होतो. कळप आधीच माजाच्या चक्रात असेल तर या उपायाचा काही उपयोग नाही. मेंढ्या अतिशय रोडावलेल्या किंवा हंगामाच्या सगळ्यात निष्क्रिय टप्प्यात असतील तरी नाही.

शेळ्यांमध्ये यामागचा एक रेणू २०१४ साली जपानी संशोधकांनी शोधला. बोकडांच्या डोक्यावर खास टोप्या बसवून त्यांच्या कातडीवरची हवा गोळा केली आणि तीत ४-एथिलऑक्टॅनाल मिळालं. हवेत त्याचं ऑक्सिडीकरण झालं की बोकडाच्या ओळखीच्या उग्र वासाचं आम्ल तयार होतं. शुद्ध ४-एथिलऑक्टॅनाल शेळीच्या मेंदूतल्या प्रजनन-स्पंदनाच्या केंद्राला चेतवतं, पण बोकडाच्या केसांचा संपूर्ण वास त्याहून जोरकस ठरतो. मेंढ्यांत तर वासाची क्षमता नष्ट केली तरी मेंढा समोर असल्यावर परिणाम दिसतो, आणि नर कधीच न अनुभवलेल्या तरुण मेंढ्यांवर नुसत्या वासाचा परिणाम कमी पडतो. एका बाटलीत मेंढा भरून विकता येत नाही, त्याचं कारण हे आहे.

आतल्या संप्रेरकांचं याहून रोजचं उदाहरण म्हणजे पान्हा. गाईच्या कासेतल्या दुधाचा थोडाच भाग, साधारण पाचवा हिस्सा, खालच्या टाकीसारख्या पोकळीत असतो. बाकीचं दूध वर बारीक कोशांत अडकलेलं असतं आणि नुसतं ओढून ते येत नाही. आचळांना स्पर्श झाला की नसांवाटे मेंदूला कळतं, मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून (पिट्युटरी) ऑक्सिटोसिन रक्तात येतं, ते कोशांभोवतीच्या आकुंचन पावणाऱ्या पेशींना गाठतं आणि दूध खाली उतरतं. या फेऱ्याला एक ते दीड मिनिट लागतं. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं. त्यामुळे आचळं धुऊन, पुसून, पहिल्या धारा काढून झाल्यावर मिनिटभराने यंत्र लावावं किंवा धार काढायला बसावं. त्याआधी घाई केली तर टाकीतलं दूध संपतं, मधे खंड पडतो आणि कोरड्या आचळांना यंत्राची ओढ बसते. उलट कास तयार करून पाच-सात मिनिटं दुसरीकडे गुंतलो तर लाट ओसरते आणि दूध कासेत उरतं. म्हशीच्या कासेत खालच्या पोकळीतलं दूध आणखी कमी असतं आणि पान्हा उतरायला दोन मिनिटं किंवा जास्तही लागतात. गाईच्या मापाने म्हशीला घाई केली की तिच्यावर उगाच आळ येतो.

‘गाय पान्हा चोरते’ म्हणतात, तेव्हा आत काय घडतं? १९४१ मध्ये एली आणि पीटरसन यांनी दूध काढण्याआधी गाईंना मुद्दाम घाबरवलं, कागदी पिशव्या फोडून आवाज केले, आणि दूध उतरेनासं झालं. त्यांनी दोष ॲड्रेनॅलिनला दिला, आणि ते ऑक्सिटोसिनच्या कामात अडथळा आणतं हे खरंच आहे. पण नवख्या गोठ्यात, नवख्या माणसाच्या हाताखाली बऱ्याचदा त्याआधीच अडतं: मेंदू ऑक्सिटोसिन सोडतच नाही. गाय काही लपवत नसते, तिच्याकडे सोडायला त्या घडीला संदेशच नसतो. वेळ, माणूस आणि क्रम ठरलेला ठेवणं, आरडाओरडा आणि मारहाण पूर्ण टाळणं, पहिलारू कालवडीला विण्याआधीपासून दूध काढायच्या जागेची सवय लावणं, हे खरे इलाज आहेत. रोज ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देणं हा अतिशय वाईट मार्ग. त्या दिवशी दूध येतं, पण बाहेरून मोठी मात्रा सतत मिळाली की कासेचा प्रतिसाद बोथट होतो आणि इंजेक्शन थांबवल्यावर गाय आपल्या स्वतःच्या संप्रेरकाला नीट दाद देत नाही. मग इंजेक्शनच गरज होऊन बसतं. गाईवर हा अन्याय आहे आणि तो टाळता येतो.

मधमाश्यांमध्ये तर एकेक पेटी अशा सांगाव्यांवर चालते. राणीच्या जबड्याच्या ग्रंथीतल्या मिश्रणाचे पाच घटक १९८८ साली स्पष्ट झाले. भोवतीच्या कामकरी माश्या राणीला चाटतात, तिला शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) लावतात आणि तो लेप एकमेकींकडे पोचवतात. हा निरोप मिळतो तोवर नव्या राणीचं घर बांधायला घेतलं जात नाही. पेटीत गर्दी झाली की प्रत्येकीच्या वाट्याला येणारा अंश घटतो आणि पोळं फुटण्याची तयारी सुरू होते. वेळेवर जागा वाढवून देण्यामागे हेही एक कारण आहे. राणी गेली तर काही तासांत पेटीचा आवाज बदलतो आणि पुढच्या दिवसांत कोवळ्या अळ्यांवर तातडीच्या राणीघरांचं काम सुरू होतं. राणी नाही आणि अळ्याही नाहीत, अशी स्थिती तीन-चार आठवडे राहिली तर काही कामकरी माश्या अंडी घालू लागतात. त्या अंड्यांतून नरच निघतात आणि पेटी संपते. नवी राणी देताना तिला थेट सोडू नये, जाळीच्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवावी. तेवढ्यात तिचा वास पेटीभर पसरतो. थेट सोडलेली राणी परकी म्हणून मारली जाऊ शकते.

याच मिश्रणातला एक घटक तरुण माश्यांची वाईट अनुभवातून शिकण्याची क्षमता दाबून ठेवतो, त्यामुळे त्या राणीजवळ राहतात. या मिश्रणाचा मुख्य घटक पेटीबाहेर, उंच हवेत, नरांना तिच्यामागे ओढतो. आत दाई, बाहेर जोडीदार: ऐकणारा बदलला की अर्थ बदलतो. धोक्याचा निरोप वेगळा आहे. नांगी कातडीत रुतून राहते तेव्हा तिच्याजवळून आयसोपेंटाइल ॲसिटेट उडत राहतं आणि दुसऱ्या माश्या नेमक्या त्याच जागी येतात. म्हणून नांगी नखाने तत्काळ खरवडून काढावी आणि त्या जागी धूर द्यावा. धुराने माश्यांच्या शृंगिकांची या वासाबद्दलची संवेदना काही मिनिटं मंदावते. पेटी उघडायच्या आधी धूर देऊन एक-दोन मिनिटं थांबायचं ते यासाठी. धूर दिला आणि लगेच झाकण उचललं, तर तो वाया गेला.

आशियाई हत्तीची मादी माजावर येऊ लागली की तिच्या मूत्रात एक ॲसिटेट वाढत जातं. नर सोंडेचं टोक त्यात बुडवून टाळूवरच्या छिद्रांना लावतो आणि ते ओळखतो. १९९६ मध्ये बेट्स रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणू जाहीर केला तेव्हा कळलं, की शंभराहून जास्त जातींचे पतंग कामगंध म्हणून हाच वापरतात. तरी पतंग हत्तिणीकडे जात नाही, कारण त्याला एकटा रेणू पुरत नाही. त्याला मिश्रणाचं प्रमाण लागतं. हरभऱ्यावरच्या घाटेअळीच्या पतंगाचा गंध दोन आल्डिहाइडांचा असतो, साधारण ९७ आणि ३ या प्रमाणात. गुलाबी बोंडअळीचा गंध एकाच रेणूच्या दोन रूपांचा, जवळपास समसमान. प्रमाण ढळलं की नर येत नाही, किंवा दुसऱ्याच जातीचा येतो.

प्रमाणाइतकंच महत्त्व लयीला आहे. वारा गंधाचे तुकडे करतो; नराला एक धागा लागतो, मग स्वच्छ हवा, मग पुन्हा धागा. धागा लागला की तो वाऱ्याच्या तोंडाकडे झेपावतो, सुटला की आडवा नागमोडी उडत शोधतो. प्रयोगासाठी केलेल्या वाऱ्याच्या बोगद्यात गंध एकसारखा भरला तर त्याचं वाऱ्याविरुद्ध उडणं थांबतं, मग गंध कितीही असो. हा खेळ चालावा म्हणून शृंगिकांमधली विकरं आलेला रेणू काही मिलिसेकंदांत मोडून टाकतात. पुढचा धागा जाणवायला मागचा पुसला गेला पाहिजे.

कामगंध सापळ्याचे सगळे नियम यातूनच निघतात. एका सापळ्यात एकाच किडीची ल्यूर, म्हणजे गंध सोडणारं आमिष, लावावी, दोन एकत्र लावल्या तर दोन्ही बिघडतात. एक ल्यूर हाताळून त्याच बोटांनी दुसरी लावू नये. हातमोजा बदलावा किंवा चिमटा वापरावा. न उघडलेली पाकिटं थंड जागी ठेवावीत. आल्डिहाइडाच्या ल्यूर ऊन आणि हवा लागून लवकर खराब होतात. साधारण तीन-चार आठवड्यांनी ल्यूर बदलावी, कडक उन्हाळ्यात त्याआधी. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडा वर असावा आणि पीक वाढेल तसा वर सरकवावा. पानांत बुडालेल्या सापळ्याचा गंध वाऱ्यावर जातच नाही. सापळ्यात फक्त नर येतात आणि एक नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणून थोड्या सापळ्यांनी कीड संपेल अशी आशा धरू नये. हेक्टरी पाच-सहा सापळे हे कीड कधी आली, किती वाढली हे सांगण्यासाठी असतात. गुलाबी बोंडअळीचे सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग पडले तर फवारणीचा विचार करावा, असा दंडक त्यासाठीच आहे.

दुसरी पद्धत मिलनात अडथळा आणण्याची. शेतभर गंध इतका पसरायचा की नराला मादीचा माग काढता येऊ नये; काही नर खोट्या मागावर जातात, काहींची शृंगिका थकते. ही पद्धत सलग मोठ्या क्षेत्रावर आणि कीड कमी असताना चालते. एका लहान तुकड्यात ती फसते, कारण शेजारून आधीच समागम झालेली मादी उडत येते आणि अंडी घालते. तिला या गंधाशी काही घेणंदेणं नसतं. कीड दाट झाल्यावर सुरू केली तरी फसते, कारण मग नर-मादी गंधाशिवायही समोरासमोर येतात. काढलेल्या जुन्या ल्यूर बांधावर टाकू नयेत. त्यांतून थोडा गंध अजून सुटत असतो, त्यामुळे नर भलतीकडे वळतात आणि सापळ्यातली मोजणी चुकते. त्या बंद पिशवीत भरून शेतापासून दूर न्याव्यात आणि प्रत्येक ल्यूर लावल्याची तारीख सापळ्यावरच लिहून ठेवावी.